मदत हवी आहे : खानापूर भागातल्या छोट्या मंडळाला कागदपत्रांसाठी मार्गदर्शन

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावात आम्ही बारा-तेराजण वाचनालय आणि मुलांची संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६० खाली नोंदणी झाली आहे (सात सभासद लागतात, ते जमवतानाच घाम फुटला होता!). पण पुढचं घोडं अडलंय.

दरवर्षी ऑडिट केलेला ताळेबंद आणि कार्यकारिणीची यादी जिल्हा निबंधकांकडे द्यायची असते. आमची दोन वर्षं राहिलीत. एका एजंटाला पैसे दिले, तो आता फोनच उचलत नाही. सगळी पत्रं कन्नडमध्ये येतात. बोलण्यापुरतं कन्नड आम्हा सगळ्यांना येतं हो, पण सरकारी कन्नड वाचताना भले भले गार होतात.

शिवाय एका कंपनीकडून सीएसआर निधी (कंपन्या समाजकार्यासाठी देतात तो पैसा) मिळण्यासारखा आहे. त्यासाठी सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) हवी, आणि त्याआधी आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) व ८०जी (देणगीदारांना करसवलत) ही नोंदणी. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर (स्वयंसेवी संस्थांची नोंद होते तिथे) मात्र अर्ज मीच भरणार आहे, तेवढं जमेल.

बेळगाव, टिळकवाडी किंवा निपाणीकडे छोट्या संस्थांचं काम रास्त फीमध्ये करणारे, मराठीत समजावून सांगणारे सीए कुणाच्या ओळखीत आहेत का? थकलेल्या वर्षांचा दंड भरून नोंदणी सुरळीत केलेलं कुणी असेल तर अनुभव जरूर सांगा. आम्ही पावसाआधी एकदा बेळगावला यायला तयार आहोत. जूननंतर आमच्याकडचे रस्ते तुम्हाला माहीतच आहेत.