मदत हवी आहे : टीवायबीकॉमच्या मुलांना एआयसाठी कसं तयार करू?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका कॉलेजात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला अकाउंट्स आणि जीएसटी शिकवते. माझी बरीच मुलं कळवा, दिव्याहून येतात आणि ऐरोली, महापेच्या बॅक ऑफिसांत नोकरी लागेल या आशेवर असतात. पण बिलं जुळवणं, एन्ट्र्या, ग्राहकांच्या मेलना उत्तरं ही पहिल्या नोकरीतली कामंच आता एआय करू लागलंय.

गेल्या आठवड्यात एका मुलीने प्रोजेक्ट दाखवला. टापटीप, तक्त्यांसकट. त्यात लिहिलेलं, मालकाच्या क्लब सभासदत्वावर भरलेल्या जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्याच्या करातून वजा करण्याची सवलत, मिळेल. पण जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) ने ते अडवलंय. "मॅडम, चॅटजीपीटीने दिलंय," म्हणाली. तिला दोष कसा देऊ? उत्तर तपासायचं कसं, हे आम्हीच शिकवलं नाही. बंदी घालून काही साधत नाही, हे माझं ठाम मत. आता मी एआयची उत्तरं फळ्यावर लिहिते आणि मुलांना कायद्याच्या पुस्तकातून चुका शोधायला लावते. मागच्या बाकावरचीही पुस्तक उघडतात.

पण एवढ्याने नोकरी लागत नाही. अकाउंट्स, बँकिंग, ऑडिटमध्ये असाल तर सांगा, नवीन मुलाला पहिले सहा महिने आता नेमकं काय काम देता? एक्सेल, पॉवर बीआयसारखी आकडेवारी मांडायची साधनं पुरे, की पायथनमधलं प्रोग्रामिंगही हवं? स्वयम या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर शोधतेच आहे, पण मराठी माध्यमाच्या मुलांना झेपेल असा मोफत कोर्स कुणी स्वतः केलाय का? आणि एखाद्या शनिवारी तासभर वर्गात येऊन तुमचं रोजचं काम दाखवाल का? स्टेशनवर घ्यायला मी येईन.