मदत हवी आहे – पागोळ्यांच्या पाण्यासाठी जमिनीखाली टाकी, परवानगी लागते का?

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी आमचं गावठाणातलं जुनं चिरेबंदी घर आहे, जागा ४ गुंठे, मंगलोरी कौलं. एप्रिल आला की विहिरीचं पाणी मचूळ होतं, चहासुद्धा खारट लागतो आणि टँकरवर दिवस काढावे लागतात. पावसात मात्र १००० चौरस फूट छपरावरून अडीच लाख लिटर तरी पाणी वाहून खाडीला जातं, जीव तुटतो बघून.

म्हणून अंगणात २० हजार लिटरची टाकी जांभ्यात खोदून बांधायची आहे, पन्हळी बसवून झाल्यात, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळा पाइपपण आहे. ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर नवीन बांधकाम असेल तर पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं आहे एवढं माहितीये, आमचा प्लॉट त्याहून लहान. ग्रामपंचायतीत दोनदा जाऊन आलो, पण लेखी काहीच मिळालं नाही. भरतीरेषेपासून घर साधारण ८० मीटर, त्यामुळे सीआरझेडची (समुद्र-खाडीकाठच्या बांधकामांवर बंधनं घालणारे किनारी नियम) धास्ती आहे. प्लास्टिक टाकी वर ठेवायला जागा नाही, तो पर्याय नको.

खाडीकाठी अशी टाकी कोणी बांधली असेल तर सांगा, ग्रामपंचायतीचा दाखला पुरला की सीआरझेडची वेगळी परवानगी काढावी लागली, आणि अर्ज नक्की कुठे केला?