बंदुकीवरच्या कोरलेल्या अक्षरात घरी रंग भरायचाय, कसा भरू?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी दुनळी बारा बोअर आहे, इंग्लिश बनावटीची, आता रीतसर माझ्या लायसन्सवर चढलीय. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर कंपनीचं नाव कोरलंय, मागे सेफ्टीच्या खटक्यापाशी इंग्रजीत सेफ लिहिलंय आणि चापाच्या गार्डवर नंबर आहे. तिन्ही आता नीट दिसत नाहीत. इलेक्शनला पोलीस स्टेशनात जमा करायला गेलो की तिथले हवालदार मोबाईलचा टॉर्च मारून मारून नंबर शोधतात आणि मग माझ्याकडे असे बघतात की जणू मीच घासून काढलाय. तर पांढरा किंवा सोनेरी रंग भरावा म्हणतो. बायको म्हणते नेलपेंट लाव आणि विषय संपव. खरंच चालतं का? की मेनरोडला भांड्यावर नाव टाकून देतात त्यांच्याकडे नेऊन अक्षरं परत खोल करून घेऊ?

जुना_बारूद:
शेवटचं वाक्य वाचून चहा सांडला राव. अजिबात नेऊ नका! एकतर ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्या हातात गन सोडून यायचीच नसते, दुरुस्तीसुद्धा लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच. आणि दुसरं म्हणजे शस्त्र कायदा 1959 चं कलम 8 बघा, बंदुकीवरचं नाव, नंबर, ओळखीची कुठलीही खूण पुसणं, काढणं, बदलणं सगळं मना आहे. तुम्ही चांगल्या मनाने खोल कराल आणि 3 चा 8 झाला तर कोणाला सांगत बसणार? रंग भरणं वेगळं, कोरणं वेगळं. कोरायला हात लावायचा नाही.

सातपूरचा_फिटर:
रंगाचं मी सांगतो, आमच्या शॉपमध्ये डायवर पंच मारलेल्या नंबरात रंग भरायचं काम कायम चालू असतं.

आधी गन रिकामी. दुनळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, दोन्ही घरं (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत, मग नळ्या वेगळ्या काढून फक्त जो भाग रंगवायचा तो टेबलावर घ्यायचा.

मग साफसफाई, खरं काम हेच आहे. अक्षराच्या तळात जुनं तेल बसलेलं असतं, त्याच्यावर रंग धरतच नाही, आठ दिवसात पोपडा निघतो. टूथपिकने मळ उकरायचा, सुई किंवा पिन नको, चरा पडतो. मग कानकोरण्याच्या कापसाला साधं ऍसिटोन किंवा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसायचं, कापूस पांढरा निघेपर्यंत. नेलपेंट रिमूव्हर नको, त्यात बऱ्याचदा तेलकट काहीतरी घातलेलं असतं ते मागे राहतं. ऍसिटोन ब्लूइंगला, म्हणजे लोखंडावरच्या काळ्या-निळ्या थराला, काही करत नाही पण लाकडी दस्त्याच्या पॉलिशवर थेंब पडला तर डाग पक्का, म्हणून दस्ता लांब ठेवा. देवघरातल्या दिव्यापासून पण लांब बसा, वाफ लगेच पेटते.

रंग म्हणजे साधा ऑइलपेंट, सगळ्यात छोटा डबा. टूथपिकच्या टोकाने अक्षरात सोडायचा, थोडा वर आला तरी चालेल. पाच-दहा मिनिटं थांबून, म्हणजे वरून सुकत आला पण आत ओला आहे अशा वेळी, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड गुळगुळीत तुकडा कापून त्याच्या सरळ कडेने अक्षरांना आडवा ओढायचा. फडकं वापरलं की ते खड्ड्यात शिरून रंग बाहेर ओढतं, पत्रिका वरून सरकते म्हणून आतला रंग आतच राहतो. मग दोन दिवस हात लावायचा नाही. बाजूला धूसर थर राहिलाच तर कोरड्या कागदाने हलकं पुसायचं. पॉलिश पेपर, तारेची घासणी, ब्रासो यातलं काहीही नको, ब्लूइंग निघून खालचं पांढरं लोखंड दिसायला लागेल आणि ते घरी परत आणता येत नाही.

नेलपेंटबद्दल वहिनी अगदीच चूक नाहीत, लागतं ते. पण लवकर सुकतं त्यामुळे वरचं पुसायला वेळच मिळत नाही आणि पुढे कधी नळी साफ करताना कडक सॉल्व्हंटचा हात लागला की निघालं. बाहेर मेणासारख्या रंगाच्या कांड्या मिळतात, लॅकर स्टिक म्हणतात, घासली की अक्षरात बसते, त्या सगळ्यात सोप्या. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मात्र मला दिसल्या नाहीत.

आणि आधी घरातल्या नाव टाकलेल्या स्टीलच्या डब्यावर करून बघा. ते नाव मशीनने ठिपक्या ठिपक्यांनी टाकलेलं असतं, उथळ. त्यावर रंग टिकवता आला तर बंदुकीवर चिंता नाही.

खंडेनवमी:
फिटरभाऊंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपण बंदुकीला हळदकुंकू लावतो ना, ते वर्षानुवर्षं तेलात कालवून अक्षरात घट्ट बसलेलं असतं. आमच्याकडच्या गनवर सगळ्यांना वाटायचं कंपनीनेच लाल रंग भरलाय. ते आधी काढा, निम्मी अक्षरं तर तेवढ्यानेच दिसायला लागतील. आणि साफ केल्यावर तो भाग एकदम कोरडा होतो, त्यात नाशिकचा पाऊस, घामाचा हात लागला तरी दुसऱ्या दिवशी तांबूस ठसा उठतो. रंग पक्का झाला की आजूबाजूला तेलाचा हात फिरवायला विसरू नका. जमलं तर हे सगळं पावसाळा संपल्यावरच करा.

जुना_बारूद:
आता माझं मत, पटलं तर घ्या. तिन्ही जागा सारख्या नाहीत.

सेफ हा शब्द: आधी टॉर्च तिरका धरून नीट बघा. चांगल्या इंग्लिश दुनळ्यांवर तो शब्द सोन्याने भरलेला असायचा, खटका मागे असला की उघडा पडतो आणि दिसतो. कोपऱ्यात कुठे पिवळी कणी चमकली तर त्याच्यावर ऑइलपेंट ओतू नका, नुसतं साफ करा. सोनं उरलंच नसेल तर खुशाल भरा, हा शब्द दिसणं कामाचंच आहे.

पट्टीवरचं कंपनीचं नाव: मी भरणार नाही. जुन्या इंग्लिश गनवर पांढरी अक्षरं म्हणजे पैठणीवर स्केचपेनने नाव घातल्यासारखं दिसतं, आणि उद्या विकायची म्हटली तर जाणकार माणूस तोंड वाकडं करणार. पण तुमची वस्तू आहे.

नंबर: इथे रंग नकोच. झिजलेल्या आकड्यात रंग चुकीच्या ठिकाणी धरतो आणि अर्धा आकडा भलताच दिसतो. ओल्या कपड्याने पुसलेला साधा खडू आडवा घासा, वरचं बोटाने पुसा, टॉर्च बाजूने मारा, नंबर लख्ख वाचता येतो. हवालदारांसमोर पण हेच करायचं, खिशात खडूचा तुकडा ठेवा. नंतर तेलाच्या फडक्याने पुसून टाका कारण खडू ओल धरतो. इंग्लिश दुनळीचा नंबर बऱ्याचदा नळ्यांच्या खालच्या सपाट बाजूला आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर पण असतो, तिथे हात लागत नाही म्हणून झिजलेला नसतो. तो लायसन्सवरच्या नंबराशी जुळवून ठेवा.

गंगापूररोडकर:
खडूची आयडिया भारी आहे, आत्ताच करून बघितलं, शेवटचे दोन आकडे मी इतकी वर्षं लायसन्स बघूनच म्हणत होतो, आज पहिल्यांदा गनवर वाचले. नळ्यांखाली पण तोच नंबर निघाला, अगदी नवाकोरा. सेफमध्ये सोनं बिनं काही नाही, नुसतं कुंकू निघालं. तिथे सोनेरी भरतो, दसरा झाल्यावर. नावाचं अजून ठरत नाहीये, मुलगा म्हणतो भरा, काका म्हणतात नको.

सातपूरचा_फिटर:
सोनेरी डबा असेल तर तळापासून चांगला ढवळा, पावडर खाली बसते, नाहीतर नुसतं पिवळं वार्निश भराल. खटका मागे-पुढे सरकतो त्या फटीत रंग जाऊ देऊ नका, तिथे आधी चिकटपट्टी लावा. सेफ्टी अडकली तर रंगाचं कौतुक राहील बाजूला. आणि फोटो टाकाल तेव्हा नंबर झाकून टाका.