टेक्सासमधलं मार्फा गाव एका दिवसात? (घरचा ग्रुप: पुणे + टेक्सास)

ताई (ह्यूस्टन): दादा, मार्फाला चार्टर विमान ठरलंय हे मला आईच्या स्टेटसवरून कळावं? आणि खर्च ‘सगळ्यांत मिळून’. कोणी विचारलं?

दादा (डॅलस): ताई, शांतपणे वाच. अप्पांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत. डॅलसहून गाडीने आठेक तास. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. सकाळी निघायचं, पाचला परतीचं उड्डाण. दोन हजारही वस्ती नाही, बघायला चार तास पुष्कळ.

मिनू: मामा, वस्ती मोजून कला बघतात का? डोनाल्ड जड या कलाकाराचे अ‍ॅल्युमिनियमचे 100 ठोकळे तोफखान्याच्या दोन जुन्या शेडमध्ये आहेत. बाहेरून सगळे एकाच मापाचे, आतून प्रत्येक वेगळा. शेडची मोठी दारं काढून त्याने काचा बसवल्या. सकाळी जो ठोकळा चकाकतो तो दुपारनंतर जवळजवळ दिसेनासा होतो. एक रात्र राहा.

बंटी: ठोकळेच बघायचे तर भोसरीला या, आमच्या वर्कशॉपमध्ये चहासकट दाखवतो 😄

आत्या (पुणे): तिथे प्राडाचं दुकान आहे ना? वहिनी, पर्स बघा हो माझ्यासाठी.

मिनू: आत्याआजी, ती कलाकृती आहे, 2005 ची. दार उघडतच नाही. आणि मार्फात नाही, पुढे व्हॅलेंटाइन गावाजवळ हायवेवर आहे. चार तासांत तेही राहणार. एक रात्र राहा.

जावईबापू (एल पासो): सुचवू का? आमच्याकडे साध्या विमानाने या. इथून मी गाडीने नेतो, तीन तास, मध्ये व्हॅन हॉर्नला थांबू. फक्त आमचं घड्याळ मार्फापेक्षा एक तास मागे, तेवढं लक्षात ठेवा.

दादा: आभारी आहे. पण मी आगाऊ रक्कम भरून बसलोय. तेव्हा कोणाला सुचलं नाही.

ताई: सांगितलं असतंस तर सुचलं असतं.

बंटी: दोघांनी फोनवर बोला ना 🙏

मिनू: कलाकारांची कामं प्रदर्शनात दोन-चार महिने मांडायची नि उचलायची, याचा जडला संताप होता. म्हणून 1970 च्या दशकात न्यूयॉर्क सोडून तो इथे आला. 1986 ला चिनाती हे कलासंग्रहालय उघडलं, कामं कायमची तिथेच राहावीत म्हणून. आणि आपण चार तासांत परत? एक रात्र.

आत्या: मिनू, कळलं गं बाळा. तिसऱ्यांदा लिहिलंस.

आई: मी बोलू का? मला ब्लॅकवेल शाळा बघायची आहे. मेक्सिकन मुलांना गावाने वेगळं बसवलं होतं, 1965 पर्यंत. स्पॅनिश बोललं की मार. एकदा तर मुलांकडून स्पॅनिश शब्द चिठ्ठ्यांवर लिहून घेतले आणि अंगणात खड्डा करून पुरायला लावले. तीस वर्षं मी पहिलीच्या वर्गाला शिकवलं. घरची बोली घेऊनच मूल शाळेत येतं, त्यावरच पुढचं उभं राहतं. तिथे मला घाईने फिरवू नका. गुडघ्यांचं माझं मी बघेन.

अप्पा: मी जन्मभर पोरांना ठोकळ्यावरची छाया काढायला शिकवली. मला सकाळचं ऊनही बघायचंय आणि संध्याकाळचंही. दादा, तुझी माया कळते. विमान रद्द कर. कापतील ते माझ्या पेन्शनमधून.

दादा: पेन्शनचा प्रश्नच नाही अप्पा.

ताई: निम्मे मी देते. खरंच.

जावईबापू: मग शुक्रवार-शनिवार धरू. सोमवार-मंगळवारी बरंचसं गाव बंद असतं. चिनातीची नोंदणी आज रात्री करतो, येणाऱ्यांनी नावं टाका.

आत्या: आणि पर्स?