ट्रेलर आहे का माठ? छोट्या ट्रेलरमधली थंडी, उकाडा आणि ओघळणाऱ्या खिडक्या

डेन्व्हरचा_सातारकर

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, गेल्या वर्षी सेकंडहँड १६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला. सध्या आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत म्हणून हौसेने दोन ट्रिपा काढल्या आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलो, तेव्हा इथे कुणी ट्रेलरवाले असतील तर मदत करा.

जूनमध्ये यूटातल्या मोआबला गेलो. बाहेर १०४ फॅरनहाइट. छतावरचा एसी १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) आहे, कागदावर एवढ्याशा डब्याला भरपूर झाला, पण तो सुरू होतो, ढणाढणा आवाज करतो, पाच मिनिटांत बंद होतो, परत सुरू. मागच्या बेडवर आम्ही दोघं घामाने निथळतोय आणि बाबा एसीच्या बरोबर खाली म्हणून १०४ डिग्रीत कानटोपी घालून बसलेत. त्यात आईने इलेक्ट्रिक कुकर लावला की ब्रेकर उडायचा.

मग सप्टेंबरमध्ये यलोस्टोन, मॅडिसन कॅम्पग्राउंड, तिथे वीज नाही. रात्री बाहेर गोठणबिंदूच्या आसपास. फर्नेस (गॅसवर हवा तापवणारी भट्टी) रात्री मस्त चालला पण पहाटे चारला उठलो तर पंखा फिरतोय आणि येतेय गार हवा. सकाळी खिडक्यांवरून पाणी ओघळतंय, गादी उचलली तर खालचं प्लायवूड ओलंचिंब. आई म्हणाली, अरे हे घर आहे का माठ.

ज्याच्याकडून घेतला तो डीलर म्हणतो की हे सगळं नॉर्मल आहे. नॉर्मल असेल तर लोक कसे राहतात? ऑक्टोबरच्या मध्यात ग्रेट सँड ड्यून्सचं बुकिंग आहे, ८ हजार फुटांच्या वर, तिथेही हुकअप (विजेची जोडणी) नाही. आई-बाबा नोव्हेंबरमध्ये परत जातायत, त्यांची शेवटची ट्रिप तरी धड व्हावी. काय करू?

वाचनमात्र_वर्षा

वाचतेय, खूण साठवली. आमचाही असाच गळतो, मला वाटलं छत फुटलंय.

जुना_खलाशी

सातारकर, मिनेसोटात आहे, १३ वर्षं छोटा ट्रेलर ओढतोय, तेव्हा सवडीने लिहितो.

आधी आईंना सांगा, माठ पाझरतो, तुमच्या भिंती पाझरत नाहीयेत. फ्रीजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम येतो ना, तो प्रकार आहे. पाणी आतलंच आहे. तुमच्या डब्यात फार तर १८ घनमीटर हवा असेल. २० सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरते, म्हणजे सगळा ट्रेलर मिळून तीनशे ग्रॅम. आणि चार माणसं झोपेत श्वास आणि घाम मिळून रात्रभरात लिटरभर पाणी तरी सहज सोडतात. उरलेलं जाणार कुठे? जिथे सगळ्यात गार तिथे, म्हणजे एकेरी काचेवर, अल्युमिनियमच्या चौकटीवर आणि गादीखाली, कारण वरून तुम्ही गरम आणि खालून प्लायवूड गार.

आता खरं सांगा, थंडी वाजली म्हणून गॅसची शेगडी पेटवून ठेवली होती का? एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाणी तयार होतं, शाळेतलं रसायनशास्त्र आहे, समीकरण मांडून बघा. फर्नेसमध्ये पण तेच जळतं पण त्याची ज्वाला बंद खोक्यात असते, हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो, त्यामुळे त्याची वाफ आत येत नाही. शेगडीची सगळी आत. आणि वाफेचं सोडा, कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात, शेगडी ही शेकायची वस्तू नाही.

उपाय ऐकून हसाल पण छताचा व्हेंट (झरोका) इंचभर उघडा ठेवा, पंखा सगळ्यात हळू, आणि लांबच्या टोकाची एक खिडकी बोटभर उघडी. रात्रभर.

पहाटेची गार हवा हा वेगळा किस्सा, तो फर्नेसचा नाही, बॅटरीचा. फर्नेस प्रोपेनवर असला तरी त्याचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, छोट्या फर्नेसला तीन-चार अँपिअर लागतात. आत एक छोटी पत्र्याची पाकळी असते, सेल स्विच म्हणतात (सेल म्हणजे शीड), पंख्याचा वारा तिला जोरात ढकलतो तेव्हाच गॅस सुटतो. बॅटरी उतरली की पंखा फिरतो पण मरगळलेला, पाकळी हलत नाही, गॅस पेटत नाही, आणि तुम्हाला नुसता गारठा फुकटात मिळतो. बॅटरी कुठली आहे? आणि फ्रीज कुठला, १२ व्होल्ट कॉम्प्रेसरवाला का गॅसवाला?

मिसिसागाकर

खलाशीकाका, बाकी सगळं ठीक पण खिडकी उघडी ठेवून फर्नेस लावायचा म्हणजे यलोस्टोनच्या अस्वलांना शेकोटी करून दिल्यासारखं आहे 😄 आम्ही ओंटॅरिओत सगळं घट्ट बंद करतो, व्हेंटमध्ये फोमची उशी कोंबतो, खिडक्यांना ती चंदेरी फुग्याफुग्याची शीट लावतो आणि १५०० वॅटचा सिरॅमिक हीटर. विजेचे पैसे कॅम्पग्राउंडवाला भरतो, आपलं प्रोपेन वाचतं.

जुना_खलाशी

हुकअप असेल तर तुमचं चूक नाही, मीही तेच करतो. पण ते १५०० वॅट म्हणजे साधारण ५१०० बीटीयू, छोट्या फर्नेसच्या एक तृतीयांश. शरदात पुरतं, खऱ्या थंडीत नाही. आणि हीटर स्वस्तातल्या बारीक एक्स्टेंशन कॉर्डला लावू नका, प्लग हाताला गरम लागला तर तिथेच थांबा.

खिडकीचं म्हणाल तर बाहेर शून्य डिग्रीला हवा कितीही दमट दिसली, धुकं असलं तरी तिच्यात घनमीटरला पाचेक ग्रॅमच पाणी मावतं. तीच हवा आत येऊन २० डिग्रीला तापली की तिची आर्द्रता २५-३० टक्क्यांवर येते, म्हणजे चक्क कोरडी. आतली ओली हवा घालवून फुकटचं टॉवेल घेताय असं समजा. प्रोपेन थोडं जास्त जातं, पण २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४,३०,००० बीटीयू असतात, १६,००० चा फर्नेस रात्रीचे दहा तास आणि त्यातला निम्मा वेळच पेटता धरला तरी पाचेक रात्री निघतात.

तुमच्या चंदेरी शीटला मात्र माझा पाठिंबा. फक्त हिवाळ्यात तिच्यामागे काच आणखी गार होते आणि दव तिथेच लपून बसतं, रोज सकाळी काढून पुसायचं.

वाळ्याचा_पडदा

मी मूळचा नागपूरचा, आता ॲरिझोनात. सगळे थंडीवरच बोलून राहिले बाप्पा, उकाड्याचं कोणी बोलंना. भाऊ, मोआबला जूनमध्ये एसीच कायले पाहिजे? हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात. तिथं आपला कूलर चालते. इकडे त्याला स्वाँप कूलर म्हणतात, १२ व्होल्टवर चालणारे छोटे भेटतात, पंख्याइतकीच वीज लागते, हुकअप पण नको. आमच्या घरी मे महिन्यात वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी मारलं की अख्खी खोली गार, तेच शास्त्र. फक्त लोक एक चूक करतात, कूलर लावून खिडक्या बंद करतात, मग आत होते कोकण. कूलरला समोरची खिडकी उघडी पाहिजेच, आणि एसीसोबत लावायचा नाही, एक पाणी काढते, एक पाणी टाकते, दोघांचं भांडण. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे पण मॉन्सून असते, तेव्हा कूलर कामाचा नाही.

दुसरं, सायंकाळी चार वाजता तापलेला ट्रेलर थंड करायला जाल तर एसी रडणारच. छतावरचा एसी आत घेतलेल्या हवेपेक्षा फार तर २० फॅरनहाइट गार हवा देते, वरून भिंती इंच-दीड इंचाच्या. सकाळी नऊलाच सुरू करा. ऑनिंग (बाजूला ओढायचं कापडी छप्पर) पश्चिमेकडे येईल असा ट्रेलर लावा, आणि काचेवर झाकण बाहेरून टाका, आतून टाकलं तर ऊन आत आलेलंच असते.

जुना_खलाशी

नागपूरकरांशी सहमत. पण सातारकर, तुमचा एसी पाच मिनिटांत बंद होतो त्याचं कारण बहुतेक वेगळं आहे. आतलं प्लास्टिकचं कव्हर चार स्क्रूंवर असतं, वीज पूर्ण बंद करून ते काढा. वर दोन कप्पे दिसतील, एकातून खोलीतली हवा आत ओढली जाते, दुसऱ्यातून गार हवा बाहेर येते. मधल्या भिंतीत फट असते, कारखान्यात घाईघाईत टेप मारलेला असतो तो सुटतो. मग गार हवा खोलीत यायच्या ऐवजी परत आतच ओढली जाते, आणि थर्मोस्टॅट तिथेच असेल तर त्याला वाटतं झालं काम. ती फट अल्युमिनियम फॉइल टेपने बंद करा, कापडी डक्ट टेप नको, तो उन्हाळ्यात गळून पडतो. आवाजही कमी होईल. दमट ठिकाणी गेलात तर पंखा हायवर ठेवा, लो ठेवला तर आतल्या गार नळ्यांवर बर्फ धरतो.

ब्रेकरचं साधं गणित आहे. तुमच्या ट्रेलरची जोडणी बहुतेक ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॅट. एसी १३, पाणी तापवायचा हीटर विजेवर असेल तर १२, कुकर ८-९, झाले की ३३. गीझर गॅसवर टाका आणि कुकर लागेल तेवढा वेळ एसी नुसत्या पंख्यावर.

डेन्व्हरचा_सातारकर

बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. कबुलीजबाब आधी, हो, शेगडी पेटवली होती. बाबा पहाटे चहाला उठले आणि "राहू दे, जरा ऊब येतेय" म्हणून अर्धा तास तशीच ठेवली. खलाशीकाकांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला, गप्प बसले, मग म्हणाले १.६ कसं काय, जळून वजन वाढतं का? हवेतला ऑक्सिजन धरावा लागतो म्हटल्यावर पटलं. निवृत्त शिक्षक आहेत, सहज सोडत नाहीत.

बॅटरी साधी लेड ॲसिड, ग्रुप २४, आणि फ्रीज १२ व्होल्ट कॉम्प्रेसरवाला. चोर सापडला का?

जुना_खलाशी

सापडला. ती बॅटरी नवी असताना ७५-८० अँपिअर-अवर, त्यातली निम्मीच वापरायची, आणि गारठ्यात त्यातलीही थोडी कमी. फ्रीज एकटा दिवसाला तीसेक खातो. उरलेल्यात फर्नेस पहाटे चारपर्यंत चालला हेच नवल. लिथियम घेणार असाल तर दोन गोष्टी, गोठणबिंदूखाली ती चार्ज करायची नसते म्हणून आतून तापणारी घ्या किंवा ट्रेलरच्या आत बसवा, आणि जुना कन्व्हर्टर (ट्रेलरमधला चार्जर) तिला पूर्ण चार्ज करतो का ते बघा. आत्ता घाईत काही नको असेल तर दोन सहा व्होल्टच्या गोल्फकार्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये, जड आहेत पण बिचाऱ्या निमूट काम करतात. तुमच्या ट्रेलरच्या जिभेवरचं (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावरचं) वजन मात्र आधी मोजा.

मिसिसागाकर

आणि छोटा जनरेटर घेतलाच तर उंचीचं लक्षात ठेवा, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के ताकद जाते. ८ हजार फुटांवर २२०० वॅटवाला एसी उचलणार नाही, सॉफ्ट स्टार्ट (सुरू होतानाचा विजेचा झटका कमी करणारा डबा) बसवला तरी मारामारी. पण ऑक्टोबरात एसी कशाला लागतोय म्हणा, बॅटरी चार्ज करायला पुरेल.

(व्हेंट उघडा ठेवून बघितला काल, काका. काच कोरडी. बायकोसमोर मान्य करणार नाही.)

डेन्व्हरचा_सातारकर

अपडेट. शनिवारी रात्री घरासमोर ड्राइव्हवेवरच ट्रेलरमध्ये झोपलो, चौघंही, शेजारी बघत होते. बाहेर ३४ फॅरनहाइट. आधी दोन तास सगळं बंद ठेवून बघितलं, १२ डॉलरचा आर्द्रतामापक आणलाय, तो ७८ टक्के. मग व्हेंट आणि खिडकी उघडली, तासाभरात ५५ च्या खाली. सकाळी काचेच्या खालच्या कडेला फक्त थोडं दव. गादीखाली फळ्यांची जाळी टाकली, ती कोरडी. बाबांना खिडकीचं वारं लागत होतं, मग त्यांचं डोकं दुसऱ्या बाजूला केलं. नवीन दोन बॅटऱ्या सकाळी १२.४ व्होल्टवर, फ्रीज रात्रभर चालू ठेवून.

एसीचं कव्हर काढलं. मधल्या भिंतीत अंगठा जाईल एवढी फट! टेप मारला. एसीची परीक्षा पुढच्या उन्हाळ्यात. कूलरचं आईला फार आवडलंय, तिने नागपूरकर भाऊंना विचारलंय की तिकडे वाळा मिळतो का.

वाळ्याचा_पडदा

काकूंना नमस्कार सांगा. वाळा नाही भेटत, इथे लाकडाच्या बारीक तंतूंचे पॅड टाकतात, वास तसा येत नाही.

जुना_खलाशी

झकास. निघण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. बाहेर फर्नेसची जी गोल जाळी आहे तिच्यात टॉर्च मारा, सेकंडहँड ट्रेलरमध्ये तिथे गांधीलमाश्यांनी घर केलेलं असतं. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवरून उतरवून मागची तारीख वाचा, पाच-सात वर्षांत तो मरतो, हिरवा दिवा लागत असला तरी.

डेन्व्हरचा_सातारकर

जाळी स्वच्छ आहे. अलार्म २०१४ चा निघाला. आत्ताच नवीन आणायला चाललोय.