अनुभव धागा: अंतराळवीरांसाठी तुम्ही कुठे गर्दी केलीत?

१२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन १०८ मिनिटांत अंतराळात जाऊन परत आला. रशियात तो सणच आहे, आणि २००१ पासून बाकी जगातही 'युरीज नाइट' होते. तुम्ही कधी अशा जमावात होतात का? तारीख, देश कुठलाही चालेल. लिहा.

*

मी रशियात सारातोव्हला एमबीबीएस करत होतो. व्होल्गेपलीकडे, एंगेल्सजवळ ज्या रानात गागारिन उतरला, तिथे दर १२ एप्रिलला लोक जातात. सिनियर म्हणाले, जुने बूट घाल. ऐकलं नाही. नुकताच बर्फ वितळलेला. लातूरच्या काळ्या रानातही असा चिखल पाहिला नव्हता! तिथे कळलं की गागारिन यानात बसून उतरलाच नव्हता. सुमारे ७ किमी उंचीवर तो यानाबाहेर पडला आणि पॅराशूटने वेगळा आला. विक्रमाच्या नियमात बसावं म्हणून सोव्हिएत सरकारने हे बरीच वर्षं लपवलं. बटाटे लावणाऱ्या एका आजी-नातीला तो आधी दिसला, आणि त्या घाबरल्या.
एका म्हातारीने थर्मासमधला चहा दिला, कुठला म्हणून विचारलं. म्हटलं इंडिया. आता राकेश शर्मा म्हणेल म्हणून मी वाट बघतोय, तर म्हणाली, "राज कपूर!"

*

२००७, कॅलिफोर्निया, नासाचं एम्स केंद्र, युरीज नाइट. आम्ही दोघं व्याख्यान समजून वही-पेन घेऊन गेलो. हँगरात डीजे. वही कोरीच आहे.

*

चिखलवाले डॉक्टर, झकास! आमचं जुनं आहे. ऑक्टोबर १९६९ मध्ये अपोलो ११ चे तिघे मुंबईत आले, तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर. दिसला तो फक्त एक हलणारा हात. मी म्हणतो आर्मस्ट्राँगचा. ताई म्हणते, तुझं नशीब पाहता चंद्रावर न उतरलेल्या कॉलिन्सचाच असणार.

*

जिल्हा परिषद शाळेत शिकवते. शुभांशु शुक्लांच्या उड्डाणाची तारीख इतक्यांदा पुढे गेली की पोरं मलाच खोटारडी समजू लागली. शेवटी २५ जून २०२५, दुपारी १२ वाजून १ मिनिट. पाच मिनिटं आधी वीज गेली. मग बाकावर माझा मोबाइल, भोवती सगळा वर्ग. घड्याळ बघून मोठ्याने उलटी मोजणी केली, शून्य आलं, टाळ्या झाल्या. पण नेट मागे पडलेलं. मोबाइलवर रॉकेट अजून जागेवरच.
पोरांनी पुन्हा दहापासून सुरू केलं.