मदत हवी आहे: मॅकवर ईमॅक्समध्ये कमांड-सी, कमांड-व्ही भलतंच काहीतरी करतात

शाईपट्टी
लिनक्सवरून मॅकवर आले. ईमॅक्स हा एडिटर टाकला, त्याची जुनी इनिट फाइल (सेटिंग्जची फाइल) आहे तशी आणली. बाकी सगळ्या प्रोग्रॅममध्ये कॉपी-पेस्ट कमांडवर चालतं, फक्त ईमॅक्समध्ये नाही. मॅकवरच्या इतर गोष्टींसारखं ते वागायला हवं आहे, पण माझ्या कंट्रोलच्या सवयींना धक्का न लावता. शिवाय मधूनच सगळा कीबोर्डच बिघडतो, मग माउसने मेनू उघडून सेव्ह करावं लागतं. महिनाअखेरीस हस्तलिखित प्रकाशकाकडे द्यायचं आहे. कृपया लवकर सांगा. आणि दुसरा एडिटर सुचवू नका, सगळं काम ऑर्ग-मोडमध्ये (ईमॅक्सच्या लेखन-टिपणांच्या मोडमध्ये) आहे.

रात्रपाळी
ईमॅक्स कुठलं? कुठून उतरवलं? कीबोर्ड लॅपटॉपचाच की बाहेरचा? आणि "भलतंच" म्हणजे नेमकं काय होतं?

घाटमाथा
तुम्ही नको म्हणालात तरी सांगतो, व्हीएस कोड घ्या. मॅकवर उघडल्या उघडल्या मॅकच्या कळा चालतात. ईमॅक्सच्या कळा हव्या असतील तर त्याचंही एक्स्टेन्शन मिळतं. मी तीन प्रणालींवर एकच सेटिंग वापरतो.

देठ
सोपं आहे. ऑप्शन्स मेनूत जाऊन सीयूए-मोड चालू करा. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-झेड सगळं सुरू. मजकूर निवडलेला असेल तरच कंट्रोल-एक्स कट करतं, एरवी ते नेहमीसारखंच उपसर्ग म्हणून, म्हणजे पुढच्या कळेआधी दाबायची कळ म्हणून चालतं. निवड असतानाही उपसर्ग हवा असेल तर शिफ्टसकट दाबायचं, किंवा पटकन दोनदा.

रात्रपाळी
देठ, त्यांनी कंट्रोलला हात लावायचा नाही असं लिहिलंय. सीयूए-मोड नेमका कंट्रोललाच हात लावतो.

देठ
पण लाखो लोकांची सवय तीच आहे. आयबीएमने १९८७ मध्ये सीयूएचे (कॉमन यूजर ॲक्सेस) नियम काढले ते याचसाठी, प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी कळ पाठ करावी लागू नये म्हणून.

जुनामॉनिटर
आयबीएमच्या त्या नियमांत कंट्रोल-सी नव्हतंच. कट म्हणजे शिफ्ट-डिलीट, कॉपी म्हणजे कंट्रोल-इन्सर्ट, पेस्ट म्हणजे शिफ्ट-इन्सर्ट. झेड-एक्स-सी-व्ही ही ओळ ॲपलची, १९८३ च्या लिसा संगणकावर आणि १९८४ च्या मॅकिंटॉशवर. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र कळ ठेवली, कंट्रोल नाही. विंडोजने ती ओळ उचलली आणि कंट्रोलवर बसवली, तिथून सगळा गोंधळ. ईमॅक्स तर १९७६ चं, एमआयटीतलं. त्याने कंट्रोल-एक्स आणि कंट्रोल-सी आधीच घेतल्या होत्या.

घाटमाथा
म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या कळा अजून का जपायच्या, हाच माझा मुद्दा.

शाईपट्टी
इतिहास नंतर वाचेन. ईमॅक्स २९ आहे, होमब्रू या पॅकेज मॅनेजरवरून घेतलं, लॅपटॉपचाच कीबोर्ड. कमांड-व्ही दाबलं की पान वर सरकतं. कमांड-सी दाबलं की काही होत नाही, कर्सर फक्त एक शब्द पुढे जातो. कमांड-डब्ल्यू दाबून खिडकी बंद व्हायला हवी, तर मजकूर कॉपी होतो.

आडवाकाना
आता सगळं स्पष्ट झालं. तुमची कमांड कळ ईमॅक्सला मेटा म्हणून पोचते आहे. मेटा आणि सुपर ही ईमॅक्सने कंट्रोलसारख्या जोडकळांना दिलेली नावं. मेटा-व्ही म्हणजे एक पान वर. मेटा-डब्ल्यू म्हणजे कॉपी. मेटा-सी शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल करते. देवनागरीत कॅपिटल नसतं, म्हणून तुम्हाला फक्त कर्सर पुढे गेलेला दिसतो.

मॅकसाठी ईमॅक्सच्या दोन वेगळ्या बांधण्या (बिल्ड) प्रचलित आहेत. मूळ जीएनू ईमॅक्समध्ये कमांड म्हणजे सुपर, ऑप्शन म्हणजे मेटा, आणि कमांड-सी, व्ही, एक्स, झेड, एस, ए सगळं आधीपासून बांधलेलं असतं. दुसरी 'मॅक पोर्ट' नावाची, तिच्यात कमांड म्हणजे मेटा. कंट्रोल-एच, मग व्ही दाबा आणि विंडो-सिस्टिम हे नाव द्या. उत्तर 'एनएस' आलं तर पहिली, 'मॅक' आलं तर दुसरी. तुमचं 'मॅक' येईल असं वाटतं.

शाईपट्टी
'मॅक' आलं.

आडवाकाना
मग दोन मार्ग. मूळ बांधणी बसवा, किंवा हीच ठेवून इनिट फाइलमध्ये मॅक-कमांड-मॉडिफायरला सुपर आणि मॅक-ऑप्शन-मॉडिफायरला मेटा द्या. मॅक पोर्टमध्ये पुढच्या जोड्या स्वतः बांधाव्या लागतात: सुपर-सी ला किल-रिंग-सेव्ह, सुपर-एक्स ला किल-रीजन, सुपर-व्ही ला यँक, सुपर-झेड ला अनडू, सुपर-एस ला सेव्ह-बफर, सुपर-ए ला मार्क-होल-बफर. कमांडसकट डावा-उजवा बाण ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटी न्या, मॅकवर सगळीकडे तसंच आहे. ऑप्शनसकट बाण शब्दाशब्दाने जातो, तो ईमॅक्समध्ये साध्या मजकुरात आपोआप जुळतो; ऑर्ग-मोडच्या मथळ्यांवर आणि याद्यांवर मात्र तो त्यांची पातळी बदलतो.

उजव्या ऑप्शनला मात्र 'नन' (काहीच नाही) द्या, म्हणजे मॅक-राइट-ऑप्शन-मॉडिफायर. तुम्हाला हस्तलिखित द्यायचं आहे, तर इंग्रजी कळफलकावर उजवा ऑप्शन आणि चौकटी कंस दाबून वळणदार अवतरणचिन्हं मिळतात, ऑप्शन आणि हायफनने एन-डॅश, म्हणजे हायफनपेक्षा लांब रेघ. दोन्ही ऑप्शन मेटाला दिले तर ते हातचं जातं.

खरं सांगायचं तर तुम्हाला हवं आहे ते सर्वांत नीट जमतं ते मॅकवरच. प्रणाली कमांड वापरते, ईमॅक्स कंट्रोल वापरतं, भांडण नाही. मॅकच्या कुठल्याही साध्या मजकूरचौकटीत कंट्रोल-ए, कंट्रोल-ई, कंट्रोल-के दाबून बघा. मॅकओएस ज्यातून आलं त्या नेक्स्टस्टेप प्रणालीकडून आलेल्या ईमॅक्सच्याच कळा आहेत त्या.

कळसूत्र
एवढं कशाला? काराबिनर-एलिमेंट्स हा कळा बदलणारा प्रोग्रॅम टाका आणि कंट्रोल-कमांडची अदलाबदल करा. मी केलंय.

रात्रपाळी
मग टर्मिनलमध्ये चालू काम थांबवायला कंट्रोल-सी कुठे शोधायचं? एका प्रोग्रॅमसाठी सगळी प्रणाली बदलायची नसते.

कळसूत्र
काराबिनरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा नियम लावता येतो. टर्मिनल वगळा की झालं.

शाईपट्टी
कमांडचं झालं! मूळ बांधणीच टाकली, मनापासून आभार. उजवा ऑप्शनही केला. पण कीबोर्ड बिघडण्याचं तसंच आहे. निवड सुरू करायला कंट्रोल-स्पेस दाबते, निवड होतच नाही. त्यानंतर मेटा-एक्स ला काही लिहिलं की 'नो मॅच'. बंद करताना सेव्ह करू का विचारतं, वाय दाबलं तरी पुन्हा तोच प्रश्न.

रात्रपाळी
मराठी कशाने टाइप करता?

शाईपट्टी
मॅकच्या देवनागरीने, इनस्क्रिप्ट कळफलक. पुस्तक मराठीतच आहे.

आडवाकाना
हे पहिल्यांदाच कळायला हवं होतं, गाठ इथेच आहे. एकाहून जास्त भाषा असल्या की मॅकओएस कंट्रोल-स्पेस भाषा बदलायला वापरतं. ती कळ ईमॅक्सपर्यंत पोचतच नाही. निवड सुरू होत नाही, उलट कळफलक देवनागरी होतो. मग तुम्ही वाय दाबता आणि ईमॅक्सला ब मिळतो.

सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, इनपुट सोर्सेस. तिथे आधीच्या इनपुट सोर्सची कंट्रोल-स्पेसवरची खूण काढून टाका. भाषा बदलायला पृथ्वीगोलाची कळ ठेवा, तीही कीबोर्डच्याच पानावर नेमता येते.

त्याहून चांगलं म्हणजे ईमॅक्समध्ये मॅकची देवनागरी वापरूच नका. डिफॉल्ट-इनपुट-मेथडला देवनागरी-इनस्क्रिप्ट द्या आणि कंट्रोल-बॅकस्लॅशने मराठी चालू-बंद करा. मजकूर मराठीत उमटतो, पण प्रणालीचा कळफलक इंग्रजीच राहतो, त्यामुळे आज्ञा आणि वाय-एन कधीच बिघडत नाहीत. शोधतानाही कंट्रोल-एस नंतर कंट्रोल-बॅकस्लॅश चालतं.

जास्वंद
मराठीसाठी फॉन्ट कुठला वापरता? माझ्याकडे 'ऱ्य' नीट दिसत नाही.

रात्रपाळी
जास्वंद, नवा धागा काढा, तिथे सांगतो.

शाईपट्टी
कंट्रोल-स्पेसची खूण काढली, निवड होते आहे. ईमॅक्सची इनस्क्रिप्टही लावली, कळा सगळ्या त्याच जागी आहेत. आज रात्री दोन प्रकरणं याच्यावर करते, काही अडलं तर इथेच लिहीन.

तांबडीपेन्सिल
हेच सगळं विंडोजवर जमेल का? ऑफिसचं मशीन आहे.

आडवाकाना
नाही. विंडोज कळ ईमॅक्सला सुपर म्हणून देता येते, पण विंडोज-एल सारख्या काही जोड्या प्रणाली सोडत नाही. तिथे कॉपी-पेस्ट कंट्रोलवरच असतं आणि ईमॅक्सशी थेट टक्कर होते. तुम्ही देठ यांचा सीयूए-मोड लावून बघा.

देठ
तांबडीपेन्सिल, लावल्यावर कंट्रोल-एंटरही दाबून बघा. आयताकृती निवड मिळते, तक्ते असतील तर फार उपयोगी.